सेसमी स्ट्रीटवरची ब्रॉडवे विडंबनं मुलांसोबत कशी पाहावीत

काउबॉयच्या वेशातला एक बाहुला गायला उभा राहतो. दिग्दर्शक आहे कर्मिट, म्हणजे तो हिरवा बेडूक. गाण्याची सुरुवातच एका लांबवलेल्या स्वराने होते, आणि नेमका तोच स्वर हा बाहुला विसरलेला आहे. ‘ईऽऽऽक्लाहोमा’. कर्मिट थांबवतो, समजावतो, पुन्हा सुरुवात करायला लावतो. आता ‘आयऽऽऽक्लाहोमा’. माझा चार वर्षांचा भाचा सोफ्यावर उभा राहून ओरडला, “मावशी, त्याला सांग ना, ओ म्हण, ओ!” ओक्लाहोमा हे अमेरिकेतलं एक राज्य आहे, त्या नावाचं एक गाजलेलं संगीत नाटक आहे, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. तरी विनोद त्याला पुरेपूर कळला होता, आणि शिकवायचं होतं तेही त्याच्या तोंडी आलं होतं.

हा लेख अशा गाण्यांसाठी आहे. घरात तीन ते सहा वर्षांचं मूल आहे, यूट्यूबवर सेसमी स्ट्रीटच्या अधिकृत वाहिनीवर जुने तुकडे दिसतात, पण त्यामागचं नाटक माहीत नाही, त्यामुळे आपण काहीतरी चुकवतोय असं वाटतं, अशा पालकांसाठी, मावश्या-काकांसाठी आणि आजी-आजोबांसाठी. खाली ज्या क्रमाने सांगते आहे त्या क्रमाने गेलात तर दोन-तीन संध्याकाळींत ही गाणी उलगडायला लागतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. सेसमी स्ट्रीट हा अमेरिकी कार्यक्रम १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाला. जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांची ती कल्पना, आणि बाहुल्या जिम हेन्सन यांच्या. कार्यक्रमाला पहिल्यापासून ठरलेला अभ्यासक्रम होता. १९६८च्या उन्हाळ्यात हार्वर्डचे जेराल्ड लेसर यांनी शिक्षणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि लेखक यांना एकत्र बसवून परिसंवाद घेतले होते. शाळेत जाण्याआधी मुलाला कोणती अक्षरं, कोणते आकडे, कोणत्या जाणिवा मिळायला हव्यात, हे तिथे ठरत गेलं. दुसरीही एक गोष्ट निर्मात्यांनी ठरवून केली. मोठी माणसं मुलाशेजारी बसून पाहतील अशी सोय कार्यक्रमातच करायची. मूल एकटं पाहतं तेव्हापेक्षा कुणी सोबत बसून बोलत असेल तेव्हा जास्त शिकतं, हा त्यामागचा विचार. मोठ्यांना बसवून ठेवायचं तर त्यांच्या ओळखीचं काहीतरी हवं. १९७०-८०च्या अमेरिकेत, विशेषतः जिथे हा कार्यक्रम बनत होता त्या न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉडवेच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक रंगभूमीच्या, नाटकांतली गाणी ही अशी घरोघरी ओळखीची गोष्ट होती. आपल्याकडे एका पिढीला नाट्यपदं जशी तोंडपाठ होती, तशीच.

पहिली पायरी : मूळ गाणं आधी ऐकवू नका

हौशी माणसाची पहिली चूक इथे होते. आपल्याला वाटतं, मुलाला मूळ गाणं माहीत नसेल तर विडंबन कसं कळणार? मोठ्यांसाठी लिहिलेल्या विडंबनाला हे लागू आहे. ‘झेंडूची फुले’ वाचताना मूळ कविता डोक्यात नसेल तर अर्धी गंमत जाते. मुलांच्या कार्यक्रमातलं विडंबन वेगळं असतं. ते मूळ न ऐकलेल्या मुलासमोर उभं राहावं लागतं, नाहीतर ते फसलं. म्हणून पहिल्यांदा मुलाबरोबर नुसतं पाहा. काही समजावू नका. ते कुठे हसतं, कुठे बोलायला लागतं, कुठे उठून जातं, एवढंच लक्षात ठेवा. भाचा जिथे ओरडला ती जागा माझ्यासाठी त्या तुकड्याची किल्ली ठरली.

दुसरी पायरी : पाठ एका शब्दात सांगा

तुकडा संपला की स्वतःला विचारा, हे काय शिकवत होते? उत्तर एका शब्दात यायला हवं. ‘ओ’ हा स्वर. ‘यू’ हे अक्षर. येत नसेल तर पुन्हा पाहा. बहुतेक वेळा ते अक्षर पडद्यावर मोठं लिहिलेलंही दिसतं.

तिसरी पायरी : मूळ गाणं तुम्ही एकट्याने ऐका

मूल झोपल्यावर, आणि ते रंगभूमीवर पहिल्यांदा ज्यांनी गायलं त्यांच्या आवाजात मिळालं तर उत्तम. एकट्याने ऐकायचं कारण व्यवहारी आहे. ही नाटकं मोठ्यांसाठी होती. कोल पोर्टर यांच्या ज्या गाण्याबद्दल पुढे बोलणार आहे, त्याच्या मूळ शब्दांत कोकेनचा उल्लेख आहे. मुलासमोर लावायचं की नाही, ते आधी ऐकून ठरवा.

ऐकताना अर्थाच्या मागे लागू नका. सूर कुठे लांबतो, कुठला शब्द परत परत येतो आणि कुठे क्षणभर शांतता होते, या तीन जागा कागदावर टिपा.

चौथी पायरी : खुंटी शोधा

सगळा कस इथे लागतो, म्हणून इथे जरा रेंगाळू या. चांगल्या विडंबनात मूळ गाण्यातली एक जागा अशी असते की शिकवायची गोष्ट तिथेच अडकवलेली असते. मी तिला खुंटी म्हणते. चाल घेतली आणि शब्द बदलले, एवढं कुणालाही जमतं. खरं कसब हे की त्या चालीतला जो सूर सर्वांत जास्त लक्ष वेधतो, नेमका त्यावरच धडा टांगायचा. तीन गाणी शेजारी ठेवली की ते स्पष्ट दिसतं.

पहिलं अर्थात ओक्लाहोमाचं. रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचं हे नाटक ३१ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये आलं. त्याआधी न्यू हेवन आणि बॉस्टनमध्ये प्रयोग झाले तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. मग समूहाने गायचं हे गाणं उभं राहिलं, आणि नाटकाने गाण्याचं नाव घेतलं. त्याचं ध्रुपद सुरू होतं तेच एका प्रचंड ताणलेल्या ‘ओ’ने. गायकांचा सगळा ताफा तो स्वर धरून ठेवतो आणि मग बाकीचा शब्द येतो. सेसमी स्ट्रीटच्या लेखकांना इंग्रजीतला दीर्घ ओ शिकवायचा होता. अख्ख्या ब्रॉडवेत यापेक्षा लांब, उघडा आणि सुरुवातीलाच येणारा ओ शोधून सापडला नसता. आता गाणारा कोण घ्यायचा? फरगेटफुल जोन्स, म्हणजे रिचर्ड हंट यांचा तो विसराळू काउबॉय. नाटक काउबॉय-शेतकऱ्यांचं, पात्र काउबॉय, आणि विसरणं हा त्याचा स्वभावच. एकच स्वर विसरला की बाकी गाणं जागच्या जागी राहतं, आणि ए, ई, आय असे चुकीचे स्वर ओच्या जागेवर बसून पाहतात. मुलाच्या कानाला सगळे स्वर एकाच पट्टीत, एकाच शब्दाच्या तोंडाशी, एकामागून एक ऐकू येतात. बालवाडीच्या बाईंना हेच करायला फळ्यावर किती खटाटोप करावा लागतो!

मराठी मुलाला यात एक जादा फायदा आहे. ए, ई, ओ हे स्वर त्याला बाराखडीतून वेगळे ऐकायची सवय असते. इंग्रजीत ‘आय’ हा एकाच अक्षराचा उच्चार आहे, ही मात्र त्याच्यासाठी नवी गोष्ट. तिथे थांबून बोललात तर चालेल.

दुसरं गाणं आहे समुद्रातलं. एथेल मर्मेड नावाची जलपरी ‘आय गेट अ किक आउट ऑफ यू’ गाते. मूळ गाणं कोल पोर्टर यांचं, १९३४च्या ‘एनिथिंग गोज’मधलं, आणि रंगभूमीवर ते पहिल्यांदा गायलं एथेल मर्मन यांनी. मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज ही त्यांची ख्याती. मूळ गाण्यातला ‘यू’ म्हणजे तू, प्रियकर. विडंबनातला ‘यू’ म्हणजे अक्षर. देवनागरीत लिहिलं तर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात, आणि इंग्रजी मुलाच्या कानालाही ते एकच असतात. म्हणजे शीर्षकाचा एकही ध्वनी बदलावा लागला नाही. खुंटी कुठे आहे पाहा. ओक्लाहोमात ती गाण्याच्या तोंडाशी होती, इथे ती कडव्याच्या शेवटी आहे. सगळी ओळ फिरत फिरत येऊन ‘यू’वर टेकते आणि तिथे सूर विसावतो. म्हणून हे गाणं मुलासोबत ऐकताना ओळीच्या शेवटी आपण गप्प राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मूल ‘यू’ स्वतःहून भरतं.

मोठ्यांसाठी ठेवलेला खाऊ नावात आहे. इंग्रजीत मर्मेड म्हणजे जलपरी आणि मर्मन म्हणजे तिचा पुरुष जोडीदार. गायिकेचं खरं आडनाव झिमरमन. त्यातलं ‘झि’ काढून तिने रंगभूमीसाठी जे नाव घेतलं, त्याचा अर्थ योगायोगाने समुद्राशी जाऊन भिडला, आणि लेखकांनी तो धागा पकडून तिला शेपटी दिली.

तिसरं, ‘हॅलो, सॅमी’. इथे खुंटी एका नावात आहे. जेरी हर्मन यांचं ‘हॅलो, डॉली!’ १६ जानेवारी १९६४ रोजी ब्रॉडवेवर आलं, पुन्हा त्याच सेंट जेम्स थिएटरमध्ये. बऱ्याच वर्षांनी डॉली आपल्या आवडत्या हॉटेलात परतते आणि तिथले वेटर नाचत-गात तिचं स्वागत करतात, तो प्रसंग अमेरिकी रंगभूमीवरच्या सर्वांत लाडक्या प्रसंगांपैकी आहे. डॉलीच्या भूमिकेसाठी ब्रॉडवेचा मानाचा टोनी पुरस्कार मिळाला कॅरल चॅनिंग यांना. आणि सेसमी स्ट्रीटवर येऊन हे विडंबन गायलं तेही त्यांनीच, सॅमी नावाच्या सापासाठी. डॉली दोन अक्षरं, सॅमी दोन अक्षरं, दोन्हींचा शेवट ‘ई’त. नाव बदललं तरी ठेका तसूभर हलत नाही. सापाचं नाव तीन अक्षरी ठेवलं असतं तर प्रत्येक ओळीत एक मात्रा वर आली असती. मला यात अधिक भावतं ते मात्र वेगळं. मूळ नाटकात जिच्या स्वागतासाठी सगळं हॉटेल उभं राहायचं, तीच बाई इथे एका कापडी सापाचं तेवढ्याच मनापासून स्वागत करते. त्यात उपकाराचा भाव जरासुद्धा नाही. समोर बाहुली आहे म्हणून गाणं स्वस्तात उरकायचं नाही, ही या कार्यक्रमात येणाऱ्या मोठ्या कलावंतांची शिस्त इथे दिसते.

खुंटी सापडली नाही तर? मग बहुधा ते विडंबन चालीचं नसून फक्त नावाचं किंवा गोष्टीचं असतं. कुकी मॉन्स्टर, म्हणजे बिस्किटांवर तुटून पडणारा तो निळा बाहुला, ‘अ‍ॅलिस्टर कुकी’ होऊन मॉन्स्टरपीस थिएटर सादर करतो, ती मालिका अशी आहे. अमेरिकेतल्या ज्या पीबीएस वाहिनीवर मुलं सेसमी स्ट्रीट पाहत, तिथेच मोठी माणसं १९७१पासून ‘मास्टरपीस थिएटर’ या कार्यक्रमात अ‍ॅलिस्टर कुक यांच्या निवेदनासह ब्रिटिश मालिका पाहत. त्याच्यावरचं हे विडंबन. त्यात ‘द किंग अँड आय’ आहे, पण मूळ नाटकाच्या कथेशी त्याचं देणंघेणं नाही. एक राजा आणि ‘आय’ हे अक्षर, बस. हे तुकडे हसायला छान आहेत, पण मूळ नाटक शोधण्यात वेळ घालवू नका. सुरुवातीच्या भागांत कुकी मॉन्स्टर शेवटी हातातला पाइप खाऊन टाकत असे. लहान मुलांसमोर धूम्रपान नको म्हणून पुढे तो पाइप गेला.

‘ले मूसेराब्ल’ दोन्हींच्या मधलं आहे. ‘ले मिझेराब्ल’ या संगीतिकेवर आणि २०१२च्या चित्रपटावर ते बेतलेलं. इथे खुंटी कथेत आहे. मूळ नायक पाव चोरल्याबद्दल तुरुंगात जातो. भुकेच्या पायी सगळं घडणारं पात्र कुकी मॉन्स्टरशिवाय दुसऱ्या कुणी करायचं? पाठ आहे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्याचा, म्हणून हा तुकडा पाच-सहा वर्षांच्या मुलासोबत पाहा. तीन वर्षांच्या मुलाला तो लांब वाटेल.

पाचवी पायरी : एकदा आवाज बंद करून बाहुली पाहा

मपेटचं, म्हणजे हेन्सन यांच्या या बाहुल्यांचं, तोंड म्हणजे आत एक हात असतो. चार बोटं वरचा जबडा, अंगठा खालचा. बोलताना चांगला कलावंत डोकं मागे फेकत नाही, अंगठा खाली नेतो, म्हणजे बाहुलीची नजर समोरच्यावर टिकते. प्रत्येक अक्षराला तोंड एकदा उघडतं. कलावंत खाली वाकून किंवा बसून हात डोक्यावर धरतो आणि बाहुली कशी दिसते ते समोरच्या मॉनिटरवर पाहतो. ते चित्र आरशासारखं उलटं नसतं, त्यामुळे उजवीकडे जायला हात कुठे न्यायचा हेसुद्धा सरावाने शिकावं लागतं. कुकी मॉन्स्टरसारख्या बाहुल्यांना दोन माणसं लागतात. एक तोंड आणि एक हात सांभाळतो, दुसरा दुसरा हात.

आता ओक्लाहोमाकडे परत या. कापडाच्या तोंडाला ओठ गोल करता येत नाहीत. ओ म्हणताना आणि ई म्हणताना बाहुल्याचं तोंड सारखंच उघडं दिसतं. शिक्षिका ओठ दाखवून जे सांगते ते इथे दाखवताच येत नाही, सगळा भार कानावर पडतो. चूक झाली हे डोळ्यांना सांगायचं काम मग कर्मिट करतो. त्याच्या चेहऱ्यात हाताशिवाय जवळजवळ काहीच नाही, म्हणून मूठ आवळली की सगळा चेहरा चुरगळतो. मुलं तो चुरगळलेला चेहरा पाहून हसतात, आणि हसताना स्वर चुकला हे त्यांना पक्कं कळतं. आवाज बंद करून पाहिलंत तर हे तुम्हाला लगेच दिसेल. मुलालाही असं पाहायला आवडतं. तेव्हा आवाज त्याला काढू द्या.

सहावी पायरी : सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या ठेवा

शोधताना ‘द मपेट शो’ हमखास समोर येतो. तो १९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमध्ये बनलेला, सगळ्या कुटुंबासाठीचा करमणुकीचा कार्यक्रम. कर्मिट दोन्हीकडे आहे, पण मपेट शोमध्ये अक्षर शिकवायची जबाबदारी कुणावर नाही, म्हणून तिथे खुंटी शोधू नका, गाणं ऐका.

‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’ मात्र मुलांसमोर लावू नका. २००३ साली ब्रॉडवेवर आलेलं आणि २००४चा सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी मिळवलेलं हे नाटक दिसतं अगदी सेसमी स्ट्रीटसारखं. त्यातले काही कलावंतही तिथूनच आलेले. पण विषय आणि भाषा पूर्ण मोठ्यांची आहे. तुम्ही मात्र पाहा. ब्रॉडवेने बाहुल्यांचं विडंबन केलं तर ते कसं होतं, हे त्यात दिसतं.

ही ये-जा अजून चालू आहे. सेसमी स्ट्रीटचे संगीत दिग्दर्शक बिल शर्मन यांना ‘इन द हाइट्स’च्या वाद्यवृंद-रचनेसाठी २००८ साली टोनी मिळाला होता. ‘हॅमिल्टन’मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन झालेले ख्रिस्तोफर जॅक्सन यांनी या कार्यक्रमासाठी गाणी लिहिली आहेत. म्हणून अलीकडच्या भागांतली साधी, विडंबन नसलेली गाणीही कधी कधी थेट रंगमंचावरून आल्यासारखी वाटतात.

सातवी पायरी : घरी एक करून पाहा

भारतात २००६ साली ‘गली गली सिम सिम’ आलं तेव्हा चमकी, गुगली, बूंबा ही पात्रं इथली होती आणि गाणी हिंदी. ते बरोबरच होतं. अक्षरावर टांगलेलं गाणं भाषांतरात टिकत नाही. यू हे अक्षर आणि ‘तू’ यांचा मराठीत काय संबंध? आपल्याला आपली खुंटी आपल्याच चालीत शोधावी लागते.

साहित्य म्हणजे एक जुना मोजा आणि दोन बटणं. चाल निवडताना घरात खरोखर गुणगुणली जाणारी निवडा. नाट्यपदं इथे फार कामाला येतात, कारण त्यांतल्या ताना आकारात असतात. लांब, उघडा ‘आ’ तयार मिळतो. आता मोज्याला तो ‘आ’ विसरायला लावा. तो ‘ई’त तान घेईल, मग ‘ऊ’त. मूल दुरुस्त करेपर्यंत थांबा. घाई करून आपण सांगायचं नाही. तीन चुका पुरतात, चौथीला मूल कंटाळतं किंवा चिडतं. चौथ्या वेळी मोज्याने बरोबर आ लावायचा, आणि लगेच ‘आ’चा एक शब्द घ्यायचा. आंबा, आई, आजी, मुलाला जो हवा तो. शब्द बदलताना अक्षरं मोजा. डॉलीच्या जागी सॅमी कशी बसली ते आठवा.

घरात गाणं वेगळं आणि इंटरनेटवर टाकणं वेगळं. सेसमी स्ट्रीटलाही हे चुकलं नाही. बीटल्सच्या एका गाण्यावरून ख्रिस्तोफर सर्फ यांनी ‘लेटर बी’ लिहिलं तेव्हा हक्क असलेल्या कंपनीने ५५ लाख डॉलरचा दावा लावला होता. पुढे गाण्यांची मालकी बदलली आणि प्रकरण ५० डॉलरवर मिटलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या शब्दांवरचा हक्क संपतो. १८८५ साली गेलेले अण्णासाहेब किर्लोस्कर आणि १९१६ साली गेलेले गोविंद बल्लाळ देवल यांची पदं त्या दृष्टीने मोकळी आहेत. ध्वनिमुद्रणाचे हक्क मात्र वेगळे असतात. म्हणून कुणाचं रेकॉर्डिंग मागे लावू नका, पेटी वाजवा किंवा नुसतं गा.

आमच्याकडच्या मोज्याचं नाव आहे ‘विसरू’. गेल्या रविवारी त्याने पहिल्याच झटक्यात बरोबर आ लावला, कारण मी पायऱ्या गाळल्या. भाचा गप्प झाला. मग मोज्याजवळ येऊन त्याच्या कानात म्हणाला, “असं नाही. आधी चूक. मी सांगतो मग.”